आंतरसांस्कृतिक संवाद शिकवायला घेताना: नाशिक परिसरातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

जूनमध्ये विभागाची बैठक होते, तासांची वाटणी होते आणि ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ किंवा तसंच काही नाव असलेला दोन क्रेडिटचा पेपर बहुतेक वेळा सगळ्यांत नव्या प्राध्यापकाकडे येतो. विभाग इंग्रजीचा असो, व्यवस्थापनाचा असो, पत्रकारितेचा असो. सोबत मिळतो अभ्यासक्रमाचा एक कागद आणि आधी कुणीतरी केलेल्या स्लाइड्स. जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, जर्मनीत वेळ पाळावी, अरब देशांत डाव्या हाताने काही देऊ नये, अशी त्यात यादी असते. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात.

हा लेख त्या नव्या प्राध्यापकासाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हा विषय दूरच्या देशांपासून सुरू करू नका. वर्गातल्या बाकांपासून सुरू करा आणि माहितीपेक्षा सवय शिकवण्यावर तास खर्च करा. समोरच्याचं वागणं दिसलं की त्याचा अर्थ लगेच न ठरवता थांबायचं, विचारायचं आणि मग बोलायचं, ही ती सवय. मुलगी पुढे स्टुटगार्टला गेली काय किंवा सातपूरच्या कारखान्यात बिहारहून आलेल्या ऑपरेटरबरोबर काम करायला लागली काय, ही सवय दोन्हीकडे लागते. कार्ड कसं द्यायचं हे तिला तिथे गेल्यावर पाच मिनिटांत कळेल.

१. पहिल्या आठवड्यात वर्ग ओळखा

नाशिकच्या कॉलेजात शिकवणाऱ्याला या विषयासाठी परदेश शोधत जावं लागत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यातून कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतली मुलं येतात. बागलाण, कळवण, देवळ्याकडची अहिराणी बोलतात. मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीतून आलेल्यांची घरची भाषा उर्दू असते. सातपूर-अंबडच्या वसाहतींत उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली कुटुंबं आहेत. देवळाली कॅम्पात तोफखान्यातल्या जवानांची मुलं असतात, त्यांनी बारावीपर्यंत दोन-तीन राज्यांतल्या शाळा पाहिलेल्या असतात. आणि गंगापूर रोडवर, कॉलेज रोडवर वाढलेली मुलं असतात, ज्यांना हे सगळं आपल्याच जिल्ह्यात आहे याची अनेकदा कल्पना नसते.

पहिल्या तासाला भाषेचा नकाशा काढून घ्या. कागदावर नाव नको. फक्त लिहायचं: आजीशी कोणती भाषा बोलता, मित्रांशी कोणती, एसटीच्या कंडक्टरशी कोणती, बँकेत कोणती, वर्गात कोणती, राग आला की कोणती. शेवटचा प्रश्न असा ठेवा: कोणत्या जागी तुम्ही गप्प बसता? बाकीच्या उत्तरांतून तुम्हाला माहिती मिळेल, या शेवटच्या उत्तरातून सत्राचा अभ्यासक्रम मिळेल. ‘वर्गात, इंग्रजी तासाला’ असं लिहिणारे बरेच निघतात. ‘मामाच्या घरी, कारण ते शहरातले आहेत’ असंही कुणी लिहितं.

इथे दोन पथ्यं कडक पाळा. जात आणि धर्म विचारू नका. ज्याला सांगायचं आहे तो आपणहून सांगेल, त्याची वेळ त्यानेच ठरवावी. आणि एका मुलाला उभं करून ‘तुमच्यात कसं असतं रे?’ असं कधीही विचारू नका. अठरा वर्षांच्या मुलावर अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी होण्याचं ओझं टाकलं की तो पुन्हा तोंड उघडत नाही, आणि उघडलं तरी आपल्याला हवं तेच बोलतो.

हजेरी घेताना नावं नीट उच्चारा. एखादं आडनाव पहिल्यांदाच ऐकत असाल तर त्या विद्यार्थ्यालाच विचारून घ्या, लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बरोबर म्हणा. या विषयाचा पहिला धडा मुलं तिथेच शिकतात.

२. उद्दिष्ट क्रियापदात लिहा

अभ्यासक्रमाच्या कागदावर ‘विविध संस्कृतींची ओळख होईल’ असं काहीतरी असतं. ते तसंच राहू द्या, विद्यापीठाला ते लागतं. स्वतःच्या वहीत मात्र वेगळी उद्दिष्टं लिहा, आणि प्रत्येक उद्दिष्ट मुलाला करून दाखवता येईल असं असू द्या. उदाहरणार्थ: पाहिलेली गोष्ट आणि तिचा लावलेला अर्थ वेगळा करून सांगता येणं. एकाच वागण्याची किमान तीन कारणं सुचवता येणं. समोरच्याचा अपमान न होता शंका विचारता येणं. गैरसमज झाल्यावर तो दुरुस्त करता येणं. ऐकणारा बदलला की सांगण्याची पद्धत बदलता येणं.

आधार हवा असेल तर मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये मांडलेली आंतरसांस्कृतिक संवादक्षमतेची चौकट वाचा. भाषाशिक्षणात ती फार वापरली जाते. वृत्ती, ज्ञान, अर्थ लावण्याचं कौशल्य, नवं शोधत प्रत्यक्ष बोलण्याचं कौशल्य आणि चिकित्सक जाण अशी पाच अंगं त्यांनी सांगितली. आपल्याकडचे बहुतेक पेपर यातल्या फक्त ज्ञानावर संपतात.

३. पाहिलं, वाटलं, ठरवलं

सगळ्या सत्रात एकच गोष्ट नीट शिकवायला वेळ मिळाला तर ही शिकवा. या क्षेत्रात वर्णन, अर्थ आणि मूल्यमापन असा तीन टप्प्यांचा सराव अनेक दशकं वापरला जातो. फळ्यावर तीन रकाने काढा आणि वर ‘पाहिलं’, ‘वाटलं’, ‘ठरवलं’ असं लिहा. मग एक प्रसंग द्या.

समजा, प्रॅक्टिकल चालू आहे. पहिल्या वर्षाचा एक मुलगा म्हणतो, ‘सर, तू पुन्हा सांग ना.’ वर्ग हसतो. सर क्षणभर थांबतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. मुलगा उरलेला तास काहीच बोलत नाही.

मुलांना आधी एकट्याने लिहू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, मग फळ्याकडे या. पहिल्या रकान्यात काय येतं ते पाहा. ‘मुलगा उद्धटपणे बोलला’ असं हमखास कुणीतरी सांगतं. तिथे थांबा. उद्धटपणा दिसला का? ऐकू काय आलं? एकेरी संबोधन ऐकू आलं. उद्धटपणा हा दुसऱ्या रकान्यातला शब्द. ‘सरांना राग आला’ हेही दुसऱ्यातच, कारण दिसलं एवढंच की सर थांबले आणि पुढे गेले. पहिला रकाना स्वच्छ करायला अर्धा तास लागला तरी लागू द्या. तो वेळ वाया जात नाही.

मग दुसरा रकाना भरा, आणि तीनपेक्षा कमी कारणांवर समाधान मानू नका. मुलगा मुद्दाम चिडवत होता. त्याच्या घरी मोठ्यांशीही एकेरीत बोलतात आणि त्यात आपलेपणा असतो. प्रमाण मराठी बोलताना घाबरून जे सुचलं ते तो बोलला. सर तरुण आहेत आणि त्याला ते दादासारखे वाटतात. यातलं खरं कोणतं, हे फळ्यावर ठरत नाही. म्हणून पुढचा प्रश्न: हे कळण्यासाठी कुणाला, कुठे, कसं विचाराल? सगळ्यांसमोर विचाराल का? आणि वर्गाच्या हसण्याचं काय, तेही ‘पाहिलं’मध्ये आहे ना?

तिसरा रकाना, म्हणजे चूक-बरोबर, सगळ्यांत शेवटी. इथे प्राध्यापकाने गुळमुळीत राहू नये असं मला वाटतं. ‘सगळ्यांचं आपापल्या जागी बरोबर’ असं म्हणून तास संपवला तर त्या मुलाला उद्या मुलाखतीत काय बोलायचं हे कळत नाही. औपचारिक जागी कसं बोलतात हे त्याला शिकवलंच पाहिजे, कारण नोकरी देणारा तीन रकाने काढत बसणार नाही. त्याच वेळी वर्गालाही कळलं पाहिजे की आपल्या एका हसण्याने कुणीतरी तासभर गप्प झालं. दोन्ही गोष्टी सांगा, त्याच तासाला सांगा.

दुसरा प्रसंग कारखान्यातला घ्या, कारण निम्म्या वर्गाच्या घरचं कुणीतरी सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत असतं. सुपरवायझर नव्या कामगाराला मशिनचं सेटिंग समजावतो आणि विचारतो, ‘समजलं का?’ तो मान डोलावतो, ‘हो साहेब.’ संध्याकाळी पेटीभर जॉब (तयार केलेले सुटे भाग) रिजेक्ट होतात. मुलं लगेच म्हणतात, ‘त्याला समजलं नव्हतं, खोटं बोलला.’ पुन्हा तेच तीन रकाने. मान डोलली, शब्द उच्चारला गेला, एवढंच पाहिलं. बाकी कारणं पुष्कळ: साहेबांना दोनदा विचारणं म्हणजे त्यांच्या सांगण्यावर बोट ठेवणं, असं त्याला वाटलं असेल. ठेकेदाराचा माणूस शेजारी उभा असेल. मराठी सूचना अर्ध्याच कळल्या असतील. या प्रसंगातून एक पक्कं कौशल्य देता येतं. ज्या प्रश्नाचं उत्तर फक्त ‘हो’ येऊ शकतं तो प्रश्न टाळायचा आणि ‘आता मशिन चालू करताना आधी काय करशील, मला सांग’ असं म्हणायचं. आरोग्यसेवेत रुग्णाला गोळ्यांचं वेळापत्रक समजावताना हीच पद्धत शिकवतात. नर्सिंगच्या वर्गाला शिकवत असाल तर प्रसंग ओपीडीतला करा.

परदेश हवाच असेल तर तिसऱ्या प्रसंगात आणा. नेदरलँड्समधला द्राक्षाचा खरेदीदार दोन ओळींचा ईमेल पाठवतो: माल स्वीकारता येणार नाही, कारण कळवा. ना नमस्कार, ना विचारपूस. दिंडोरीच्या निर्यातदाराला तो अपमान वाटतो आणि तो चार दिवस उत्तर देत नाही. त्या चार दिवसांचा तिकडे काय अर्थ लावला जाईल, हे मुलांना लिहायला सांगा. घरचे दोन प्रसंग आधी झालेले असले की या तिसऱ्यावर मुलं खूप शहाण्यासारखं बोलतात.

४. सिद्धान्त शिकवा, पण त्यांच्या मर्यादेसह

अभ्यासक्रमात एडवर्ड हॉल आणि गेर्ट हॉफस्टेड हे या विषयातले दोन गाजलेले अभ्यासक असणारच. त्यांना टाळू नका. हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेली कल्पना सोपी आहे: काही ठिकाणी बरंचसं न बोलता, नात्यावरून आणि प्रसंगावरून समजून घेतलं जातं, काही ठिकाणी सगळं शब्दांत सांगावं लागतं. वरच्या द्राक्षखरेदीदाराच्या ईमेलवर ती लावून पाहता येते.

हॉफस्टेड शिकवताना आकडे कुठून आले हे आधी सांगा. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या, आणि त्यावरचं पुस्तक १९८० मध्ये आलं. त्यातून देशांना गुण मिळाले. सत्तेतल्या अंतराच्या (सत्तेची विषम वाटणी लोक किती मान्य करतात याच्या) मापावर भारताला ७७, व्यक्तिवादाच्या मापावर ४८. आता वर्गाला विचारा: १९७०च्या आसपास या कंपनीत भारतात नोकरीला कोण असेल? सुरगाण्यातलं कुणी? मालेगावचा विणकर? बाई किती असतील? ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये याच अंगाने कठोर टीका केली: एका कंपनीतल्या काही लोकांच्या उत्तरांवरून अख्ख्या राष्ट्राची संस्कृती काढता येत नाही. मुलांना दोन्ही बाजू द्या. तो ७७ चा आकडा म्हणजे तपासायला घेतलेलं गृहीतक, एवढंच त्यांना कळलं तरी पुष्कळ झालं.

हे पटवायला नाशिकइतकी सोयीची जागा नाही. वर्गाला त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेण्यांत घेऊन जा. १७ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लेख आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेल्या, धम्मदेवाचा मुलगा असलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने) हे लेणं खोदवून दान दिलं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे माणूस यवन, नावात इंद्र आणि अग्नी, बापाच्या नावात धम्म, दान बौद्ध भिक्खुसंघाला, भाषा इथली. हा माणूस देशांच्या तक्त्यात कोणत्या ओळीत बसवायचा? मुलांना पायऱ्यांवर बसवून हा प्रश्न द्या आणि पंधरा मिनिटं वाद घालू द्या. शेजारच्या लेण्यांत मध्य आशियातून आलेल्या शकांपैकी उषवदाताचे लेख आहेत, सातवाहनांचे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही या डोंगरावर एकाच ओळखीत बसणारा माणूस सापडत नाही.

माणूस सांस्कृतिक फरकाकडे कसा पाहत जातो याची मिल्टन बेनेट यांची १९८६ ची पायऱ्यांची मांडणी (नकार, बचाव, फरक कमी लेखणं, स्वीकार, जुळवून घेणं, सामावून घेणं) एका तासात होते. तिसऱ्या पायरीवर जरा जास्त वेळ द्या, कारण ‘आपण सगळे सारखेच’ हे वाक्य आपल्याकडे चांगुलपणाचं समजलं जातं. ते बोलणारा बहुतेक वेळा स्वतःच्या पद्धतीलाच सगळ्यांची पद्धत मानत असतो. मुलांना हे थोडं टोचतं. टोचू द्या.

५. एक खेळ

मूळचे चेन्नईचे शिवसैलम त्यागराजन यांनी तयार केलेला ‘बार्न्गा’ हा पत्त्यांचा खेळ जगभर या विषयाच्या वर्गांत खेळला जातो. चार-पाच टेबलं लावायची. प्रत्येक टेबलावर नियमांचा कागद द्यायचा, पण प्रत्येक कागदात एखादा नियम वेगळा, आणि हे कुणालाच सांगायचं नाही. कुठे एक्का मोठा, कुठे लहान, कुठे हुकूम वेगळा. सराव झाला की कागद काढून घ्यायचे आणि बोलणं बंद. डाव संपला की जिंकलेला पुढच्या टेबलावर, हरलेला मागच्या. नव्या टेबलावर माणूस हक्काने पत्ते उचलायला जातो आणि बाकीचे त्याच्याकडे चोर असल्यासारखे बघतात.

कॉलेजात पत्ते आणायला हरकत घेतली जाते. मग कार्डशीटच्या चिठ्ठ्यांवर चार रंगांत १ ते ७ आकडे लिहा, काम होतं. महत्त्वाचं म्हणजे खेळाला जितका वेळ द्याल तितकाच, किंबहुना जास्त, नंतरच्या बोलण्याला ठेवा. ‘नियम वेगळे आहेत हे तुम्हाला कधी कळलं? कळल्यावर कुणाचा नियम चालला, आणि का?’ या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग खरा बोलू लागतो. बहुतेक टेबलांवर तिथे आधीपासून बसलेल्यांचा नियम चालतो. मग हॉस्टेलला पहिल्यांदा राहायला आलेली मुलगी बोलते.

६. वर्गाबाहेर जाताना

नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आले आहेत. त्यांच्याशी हा पेपर जोडता येतो. पण बस भरून पाड्यावर जायचं, फोटो काढायचे, वह्या वाटायच्या आणि अहवाल लिहायचा, याला मी या विषयाचं काम मानत नाही. त्याने अंतर वाढतं.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हायचे असतील तर चार गोष्टी हव्यात: दोघांचा दर्जा समान, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्यांचा पाठिंबा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले आणि संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे घटतो, या अटी पाळल्या तर जास्त घटतो, असं दाखवलं. पाड्यावरच्या सहलीत यातली पहिलीच अट मोडते.

म्हणून काम असं निवडा, ज्यात सुरगाण्याहून आलेल्या विद्यार्थ्याला जे येतं त्यावाचून शहरातल्या विद्यार्थ्याचं अडेल. द्राक्षबागेचं उदाहरण घ्या. निफाड, दिंडोरीच्या बागांत एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. निर्यातीच्या बागेत कोणतं औषध कधी फवारलं, त्यानंतर किती दिवस काढणी करायची नाही, याची काटेकोर नोंद ठेवावी लागते, नाहीतर औषधाच्या उर्वरित अंशांच्या तपासणीत माल अडकतो. ही सूचना सल्लागाराकडून बागायतदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून टोळीकडे जाते. विद्यार्थ्यांनी ती प्रत्येक टप्प्यावर ऐकायची आणि कुठे काय गळलं, काय बदललं, हे लिहायचं. कोकणा बोली समजणारा विद्यार्थी गटात नसेल तर शेवटचा टप्पा त्यांना कळणारच नाही. आणि शेवटी काहीतरी हातात द्यायचं: टोळीतल्या बायकांबरोबर बसून तयार केलेला चित्रांचा फलक, ज्यात फवारणीनंतर बागेत कधी शिरू नये हे शब्दांशिवाय समजेल.

जाण्याआधी मुकादमाची आणि मजुरांची, दोघांचीही परवानगी घ्या. टोळीचं काम बहुतेकदा उक्तं असतं, म्हणजे तुमच्याशी बोलण्यात गेलेला वेळ त्यांच्या मजुरीतून जातो. दुपारच्या भाकरीच्या वेळी बोला. फोटो नको.

याच धर्तीवर ओपीडीच्या रांगेतलं काम करता येईल, लासलगावच्या बाजार समितीतल्या लिलावाचं करता येईल. सिंहस्थाचं तर समोरच आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला भरतो आहे आणि देशभरातून येणाऱ्या माणसांना वाट सांगण्यासाठी एनएसएसची मुलं उभी राहतील. हिंदी येत नसलेल्या तमिळ किंवा तेलुगू आजींना रामकुंडाची दिशा कशी सांगायची, हरवलेल्याला काय विचारायचं, चिडलेल्याशी कसं बोलायचं, याचा सराव आत्तापासून या पेपरात बसवा.

७. दूरच्या वर्गाशी जोडणी

परदेशी विद्यापीठाशी ऑनलाइन एकत्र शिकण्याची ‘कॉइल’ नावाची पद्धत न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठात रुजली आणि आता बऱ्याच देशांत चालते. दोन प्राध्यापक मिळून पाच-सहा आठवड्यांचं एक काम ठरवतात आणि दोन्हीकडचे विद्यार्थी मिश्र गटांत ते पूर्ण करतात. सामंजस्य करार, विद्यापीठाची मान्यता यात अडकू नका. समोर एक उत्साही प्राध्यापक मिळाला की सुरुवात होते.

परदेशच हवा असंही नाही. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. तिथल्या एखाद्या कॉलेजला पत्र लिहा. काम मात्र असं द्या की दोन्हीकडच्यांना मिळून निर्णय घ्यावा लागेल, उदाहरणार्थ दोन्ही राज्यांतल्या स्थलांतरित मजुरांसाठी एकच माहितीपत्रक. नुसती ‘आमचे सण, तुमचे सण’ अशी देवाणघेवाण पहिल्या बैठकीतच आटते. व्हिडिओ कॉलवर अवलंबून राहू नका. पेठच्या मुलाला घरी रेंज नसते. व्हॉइस मेसेज आणि एक सामाईक फाइल पुरे.

८. वर्गाची भाषा

हा भाग छोटा आहे पण त्याशिवाय वरचं सगळं फुकट जातं. पेपर इंग्रजीत असला तरी चर्चा आणि टिपणं विद्यार्थ्याच्या भाषेत होऊ द्या. ज्याला स्वतःच्या मनातली चलबिचल लिहायची आहे त्याने ती अहिराणीत लिहिली तर काय बिघडतं? उर्दू लिपी तुम्हाला वाचता येत नसेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. उच्चारांवर हसणं पहिल्या दिवसापासून बंद, आणि हा नियम तुमच्या सहकाऱ्यांनाही लागू आहे हे त्यांना नम्रपणे सांगा. हे सांगणं जड जातं, विशेषतः नव्या माणसाला. तरी सांगा.

९. गुण कशाला द्यायचे

‘या पेपरमुळे माझा दृष्टिकोन व्यापक झाला’ या वाक्याला शून्य गुण. कुणीही ते लिहू शकतं आणि ज्याला गुण हवेत तो लिहितोच. डार्ला डीअरडॉर्फ यांनी २००६ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांची मतं एकत्र केली, तेव्हाही त्यांचा कल एकाच चाचणीवर न विसंबता वेगवेगळ्या साधनांनी मोजण्याकडे होता.

मी सुचवेन ते असं. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रभरात स्वतः पाहिलेले चार प्रसंग तीन रकान्यांत लिहायचे. तपासताना पाहायचं: ‘पाहिलं’मध्ये खरोखर पाहिलेलंच आहे का, पर्यायी कारणं किती आणि किती वेगळी, खात्री करायला विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय केलं, आणि त्यानंतर त्याचं मत बदललं की पक्कं झालं. मत पक्कं झालं तरी पूर्ण गुण मिळू शकतात, हे त्यांना आधीच सांगा. मतांना गुण द्यायला लागलात की मुलं तुमची मतं लिहायला लागतात.

तोंडी परीक्षेत पाच मिनिटांचा प्रत्यक्ष प्रसंग द्या: मराठी न येणाऱ्या सहकाऱ्याला विद्यार्थ्याने एखादं फॉर्म भरणं समजावायचं. सहकारी मध्येच चुकीचं समजल्यासारखं करेल. विद्यार्थी आवाज चढवतो, तेच वाक्य पुन्हा म्हणतो, की दुसरी वाट शोधतो? पाच मिनिटांत सगळं दिसतं.

लेखी परीक्षेचा प्रश्न तुमच्या हातात असेल तर ‘हॉफस्टेडची परिमाणे स्पष्ट करा’ ऐवजी एक अनोळखी प्रसंग द्या आणि एका सिद्धान्ताने त्यातलं काय समजतं व काय समजत नाही, असं विचारा.

१०. तासांचा हिशेब आणि फाइल

एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटला ३०. त्यातले आठ तास तीन रकान्यांच्या सरावाला, सहा सिद्धान्ताला, दोन खेळाला, आठ बाहेरच्या कामाला आणि त्यावरच्या बोलण्याला, चार ऑनलाइन जोडणीला आणि उरलेले मूल्यमापनाला, अशी वाटणी मला सोयीची वाटते. ऑनलाइन जोडणी जमली नाही तर ते चार तास पहिल्या सरावाला द्या.

सत्र संपलं की मुलांनी लिहिलेल्या प्रसंगांतले चांगले वेगळे काढा. त्यांची परवानगी घ्या, नावं, गावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाका आणि एका फाइलमध्ये लावा. प्रत्येक प्रसंगाखाली तुमच्या वर्गाने सुचवलेली कारणं लिहा आणि एक ओळ मोकळी सोडा, पुढच्या वर्गाला आणखी एखादं सुचेल म्हणून. पुढच्या जूनमध्ये हा पेपर दुसऱ्या कुणाकडे गेला तर स्लाइड्सऐवजी ही फाइल त्यांच्या हातात द्या, आणि पहिल्या आठवड्यातल्या भाषेच्या नकाशासाठी लागणारे कोरे कागदही सोबत द्या.